उन्हाळ्यांतील हवा आणि मोटारीचे टायर

चैत्र-वैशाखांत शेतीचें काम आटोपतें, लग्नसराई सुरू होते आणि आमच्या वऱ्हाडांतील रस्त्यांवर मोटारींची वर्दळ वाढते. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील कास्तकाराच्या दारांत आतां बंडीच्या शेजारीं मोटार उभी दिसूं लागली आहे. ज्याच्या घरीं ती नाहीं त्याच्या भावाच्या किंवा जांवयाच्या घरीं ती असतेच, आणि लग्नास जातांना सात माणसें व चार पेट्या तींत कशा तरी बसवितात.

पूर्वीं बंडी जुंपण्याअगोदर घरधनी चाकांभोंवतीं एक फेरी मारीत असे. धांव सैल झाली आहे काय, एखादा आरा हलतो काय, आंसास वंगण आहे काय, हें पाहिल्यावांचून बैलांच्या मानेवर जूं ठेवीत नसत. चार कोसांवरील बाजारास जावयाचें असलें तरी हा नेम चुकत नसे. आतां ताशीं शंभर किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या गाडींत आपलीं मुलेंबाळें बसवून आपण निघतों, पण चाकाकडे पाहण्याचा नेम राहिला नाहीं. कोणी पाहिलेंच, तर एक समजूत मनांत धरून पाहतो: उन्हाळ्यांत हवा तापून फुगते व टायर फुटतो, म्हणून या दिवसांत हवा थोडी कमी ठेवावी. ही समजूत चुकीची आहे आणि जिवावर बेतणारी आहे. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून आयुष्य घालविलें. यंत्रशास्त्राचें शिक्षण आम्हांस नाहीं. परंतु या समजुतीपायीं आमच्या स्वतःच्या घरावर जो प्रसंग आला, त्यानंतर आम्हीं हा विषय जाणत्या माणसांकडून व पुस्तकांतून समजून घेतला. तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्यावर आलेला प्रसंग

गेल्या वैशाखांत दर्यापूर तालुक्यांतील आमच्या गांवाहून छत्रपती संभाजीनगर येथें एका लग्नास आम्ही निघालों. गाडी चिरंजीव चालवीत होते. मागें आमचें कुटुंब, सूनबाई व पांच वर्षांचा नातू बसला होता. निघण्यास उशीर झाला होता. मूर्तिजापूर ओलांडून कारंज्याच्या वाटेस लागलों तेव्हां बारा वाजून गेले होते. वाटेंत एका ठिकाणीं हवा तपासावयास थांबलों. तेथील इसमानें पुढील चाकास मापक लावलें. कांटा 38 वर गेला. आमच्या गाडीचा ठरलेला आंकडा 33 आहे. तो म्हणाला, “काकाजी, उनाया हाये. हवा कमीच ठेवा लागते, नाई त टायर फुटते.” आम्हांस तें पटलें; इतकेंच नव्हे, तर “अजून थोडी काढ,” असें आम्हींच त्यास सांगितलें. त्यानें पुढील दोन चाकांची हवा 30 वर आणली आणि मागील दोन चाकांची हवा मापक न लावतां नुसत्या कानाच्या अंदाजानें सोडली.

कारंज्याजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर अर्धा-पाऊण तास गाडी सुरळीत चालली. नंतर मागून धप् धप् असा आवाज येऊं लागला. चिरंजीव वेग कमी करीत आहेत तोंच मोठा आवाज होऊन मागचें डावें चाक बसलें व गाडीचा मागील भाग हेलकावला. उजव्या हातास एक मालट्रक होता. त्याच्यांत व आमच्यांत किती अंतर उरलें होतें, तें सांगण्याचें धैर्य आम्हांस आजही होत नाहीं. चिरंजीवांनीं हातांतील चाक घट्ट धरून ठेवलें, ब्रेक एकदम दाबला नाहीं, म्हणून गाडी कडेस येऊन थांबली. बायकामुलांस कठड्यापलीकडे उभें करून स्टेपनी काढली, तर तींतही अर्धीच हवा! वर्षभरांत तिच्याकडे कोणीं पाहिलेंच नव्हतें. त्या स्टेपनीवर बैलगाडीच्या चालीनें पुढील गांव गांठलें.

तेथील कारागिरानें फुटलेला टायर उतरवून आम्हांस आंतून दाखविला. आंत मूठभर काळा भुगा पडला होता आणि टायरच्या कुशीस आंतल्या बाजूनें, चुलीजवळ ठेवलेल्या चामड्यासारखी करपलेली व चुरगळलेली एक पट्टी सभोंवार उमटली होती. नक्षींत बाभळीचा एक कांटा मोडून बसलेला होता. तो म्हणाला, “काकाजी, हवा जास्त झाली म्हनून हा फुटला नाई. हवा कमी होती म्हनून जयला.” गांवच्या पांदणींत कधीं तरी शिरलेल्या कांट्यांतून थोडी थोडी हवा जात होती, उरलेली आम्हीं पैसे देऊन सोडविली. दोष हवा सोडणाऱ्याचा थोडा व आमचा अधिक.

कमी हवेनें टायर कां फुटतो

गाडीचें ओझें रबर उचलीत नसतें. तें टायरमध्यें कोंडलेली हवा उचलीत असते. माणसांसकट गाडीचें वजन 1400 किलो धरलें तर दर चाकावर सुमारें 350 किलो येतात, आणि एवढें ओझें घेऊन प्रत्येक चाक रस्त्यास टेकतें तें साधारण तळहाताएवढ्या जागेवर. हवा कमी झाली कीं ही जागा वाढते, टायरच्या दोन्ही कुशी खालीं दबतात व चाक फिरून वर गेलें कीं पुन्हां सरळ होतात. ताशीं 120 किलोमीटर वेगांत लहान मोटारीचें चाक मिनिटास सुमारें एक हजार फेरे घेतें. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग मिनिटास हजार वेळां वांकतो व सरळ होतो. कुंपणाची तार तोडण्यासाठीं आपण ती एकाच जागीं पुनःपुन्हां वांकवितों. दहा-वीस वेळां वांकविल्यावर ती जागा बोटास चटका देते आणि मग तुटते. टायरच्या कुशींत असेंच घडतें. आंतील धागे व रबर स्वतःच्या हालचालीनें तापतात, त्यांची एकमेकांवरील पकड सुटते आणि एका क्षणीं कूस फाटते. योग्य हवा असलेला टायरही वांकतो, परंतु थोडा. त्यामुळें जितकी उष्णता उत्पन्न होते तितकी वाऱ्यानें निघून जाते. कमी हवा, जास्त ओझें, जास्त वेग व तापलेला रस्ता हे चार एकत्र आले म्हणजे उष्णता निघून जाण्यास अवकाशच राहत नाहीं.

आतां हवा तापून फुगते त्याचा हिशेब पाहूं. हवेचा दाब दर चौरस इंचास इतके पौंड असा मोजतात. सकाळीं 28 अंश उष्णतेंत 33 पौंड हवा भरली व चालून टायर आंतून 60 अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारें 38 पौंड होतो. ही पांच पौंडांची वाढ टायर बनविणाऱ्यांनीं आधींच जमेस धरलेली असते. लहान मोटारींच्या टायरच्या कुशीवर कमाल दाबाचा आंकडा बहुधा 44 किंवा 51 पौंड असा छापलेला आढळतो. तेव्हां 38 पौंडांनीं चांगला टायर फुटण्याचें कारण नाहीं. उलट तापलेल्या टायरची हवा 30 वर आणली तर दुसऱ्या दिवशीं पहाटे तोच टायर 26 दाखवील, म्हणजे ठरलेल्या आंकड्याहून सात पौंड कमी. दुपारीं कमी केलेली हवा ही अशी दुप्पट कमी ठरते. आणि एकदां कमी झाली कीं टायर अधिक वांकतो, अधिक तापतो, दाब पुन्हां वाढलेला दिसतो, आणि अजाण माणूस आणखी हवा सोडतो!

याचा अर्थ हवा ठांसून भरावी असा नव्हे. फार हवा भरल्यास टायर मध्यभागीं फुगून तेवढाच रस्त्यास टेकतो, मधली नक्षी लवकर झिजते, ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अंतर अधिक लागतें, आणि खड्डा किंवा दगड लागल्यास कुशीस इजा होते. ठरलेला आंकडा तोच खरा. ऋतु कोणताही असो.

रस्ते सुधारले, म्हणून काळजी वाढली

दहा-पंधरा वर्षांपूर्वीं आपल्याकडे कमी हवेचें पाप झाकलें जात असे, कारण खड्ड्यांमुळें कोणास वेगानें जातांच येत नसे. आतां तसें नाहीं. जून 2022 मध्यें अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या भागांत 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस बुकांत विक्रम नोंदला गेला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजीं खुला झाला व 5 जून 2025 रोजीं शेवटचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरांचा सारा मार्ग पुरा झाला. अमरावती जिल्ह्याच्या धामणगांव, चांदूर रेल्वे व नांदगांव खंडेश्वर या तालुक्यांतून तो जातो; अकोल्याकडील मंडळी वाशीम जिल्ह्यांत उतरून त्यावर चढतात. तेथें मोटारींस ताशीं 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे, आणि सिमेंटच्या त्या सरळ रस्त्यावर तासन् तास चाकांस विसावा मिळत नाहीं. टायर फुटून अपघात होऊं लागल्यावर 2023 सालीं परिवहन विभागानें प्रवेशाच्या ठिकाणीं टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरविण्यास सुरुवात केली होती. परंतु सरकारी माणूस नक्षी पाहील. पहाटे आपल्या अंगणांत हवा मोजणें हें काम आपलेंच आहे.

उन्हाचें तर विचारूंच नये. मे 2024 मध्यें पारा 45 अंशांच्या पलीकडे गेल्यामुळें अकोला जिल्ह्यांत जमावबंदीचें कलम लावून कामाच्या वेळा बदलाव्या लागल्या. अशा दिवशीं रस्ता हवेपेक्षां कितीतरी अधिक तापतो. शक्य तर लांबचा प्रवास पहाटे सुरू करून दुपारपूर्वीं संपवावा, व दर दीड-दोन तासांनीं सावलींत थांबावें. त्यांत माणसांस आराम आहे व टायरांसही.

हवा केव्हां व कशी मोजावी

ज्यांनीं महसुलाचें काम पाहिलें आहे त्यांस चावडींत बसून भरलेली पीकपाहणी म्हणजे काय तें ठाऊक आहे. डोळ्यांनीं पाहून “हवा ठीक आहे” म्हणणें हा त्यांतलाच प्रकार होय. हल्लींच्या रेडियल टायरची कूस योग्य हवेंतही थोडी फुगलेलीच दिसते. त्यामुळें 33 व 26 यांतील भेद डोळ्यांस कळत नाहीं, आणि लाथ मारून तर मुळींच कळत नाहीं. स्वतःचें मापक घ्यावें. तें कांहीं शें रुपयांत मिळतें व गाडीच्या खणांत राहतें.

आपल्या गाडीचा आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या कागदावर, पेट्रोलच्या झांकणाच्या आंत किंवा गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो. तेथें बहुधा दोन आंकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठीं व दुसरा भरलेल्या गाडीसाठीं. लग्नास किंवा संत्र्याच्या पेट्या घेऊन नागपुरास जातांना दुसरा आंकडा पाळावा. टायरच्या कुशीवर छापलेला कमाल आंकडा हा भरण्याचा आंकडा नव्हे; या दोहोंत पुष्कळांची गल्लत होते.

हवा टायर थंड असतांच मोजावी, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा दोन-तीन किलोमीटरांपेक्षां अधिक चाललेली नसावी. पहाटेची वेळ उत्तम. दर पंधरवड्यास एकदां व प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वीं मोजावी, कारण निर्दोष टायरांतूनही महिन्यास एक-दोन पौंड हवा आपोआप जाते. वाटेंत तापलेल्या टायरचा आंकडा अधिक दिसला तरी हवा सोडूं नये. मात्र चौघांपैकीं एकच टायर इतरांहून चार-पांच पौंड कमी दिसला तर त्यांत कांटा किंवा खिळा आहे असें समजून लगेच तपासून घ्यावा. मापकाचा खरा उपयोग याच ठिकाणीं आहे. नंतर व्हॉल्व्हची टोपी लावण्यास विसरूं नये. ती नसल्यास पांदणीची धूळ आंत जाऊन हवा झिरपूं लागते.

स्टेपनीही त्याच वेळीं मोजावी. 2020 सालीं नियमांत झालेल्या सुधारणेनंतर, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी योजना व दुरुस्तीचें साहित्य असल्यास लहान गाड्यांस स्टेपनी न देण्याची सवलत आहे. तेव्हां नवी गाडी घेतलेल्यांनीं आपल्या गाडींत स्टेपनी आहे कीं नाहीं, तें घरींच पाहून ठेवावें.

नायट्रोजन भरल्यास टायर फुटत नाहीं, असेंही कानावर येतें. आपण श्वास घेतों त्या हवेंत 78 टक्के नायट्रोजनच असतो. तो शुद्ध व कोरडा भरल्यास गळती किंचित कमी होते, परंतु मोजणी टळत नाहीं.

टायरांची इतर निगा

ट्यूबलेस टायरमध्यें कांटा शिरला कीं पूर्वींच्या ट्यूबप्रमाणें हवा एकदम जात नाहीं. कांटाच भोंकास बूच होऊन बसतो व हवा आठवडाभर हळूहळू झिरपते. हा त्या टायरचा गुण आहे, आणि बेफिकिरास तोच घात करतो. शेतांतून आल्यावर नक्षींत हात न घालतां चारी चाकें नजरेखालीं घालावींत. कांटा दिसल्यास तेथेंच उपटूं नये. दुरुस्तीच्या दुकानींच काढावा. नक्षीच्या भागांतील भोंक दुरुस्त होतें. कुशीस चीर किंवा फुगवटा असल्यास तो टायर बदलावा, त्यास दुरुस्ती नाहीं.

नक्षीची खोली 1.6 मिलीमीटरपेक्षां कमी झाल्यावर मोटार चालविणें नियमाविरुद्ध आहे. नक्षीच्या चरांत तळाशीं लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली म्हणजे टायरची मुदत संपली. झिजेवरूनही पुष्कळ वाचतां येतें. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधला भाग झिजला असेल तर जास्त राहिली, व एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. दर आठ-दहा हजार किलोमीटरांनीं चाकांची अदलाबदल करावी.

नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारें होतें, आणि आपल्या उन्हांत तें अधिकच. कुशीवर चार आंकडी तारीख असते: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पांच वर्षांनंतर टायर दरवर्षीं जाणत्याकडून तपासून घ्यावा, व दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी वापरूं नये. गाडी सावलींत ठेवावी, आणि डिझेल किंवा तेल सांडलेल्या जागेंत चाक उभें करूं नये; तेलानें रबर मऊ पडून कुजतें.

ट्रॅक्टर व ट्रॉली यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या काळ्या जमिनींत ट्रॅक्टरचे टायर मुद्दाम कमी दाबानें चालवितात, म्हणजे माती दबत नाहीं व पकड चांगली राहते. परंतु तेंच चाक कपाशीची भरलेली ट्रॉली ओढीत जिनिंगकडे सडकेनें नेतांना करपतें. शेतासाठीं व सडकेसाठीं पुस्तकांत जे वेगळे आंकडे दिलेले असतात ते दोन्ही गोठ्याच्या भिंतीवर रंगानें लिहून ठेवावे.

वाटेंत टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय ठेवूं नये. हातांतील चाक दोन्ही हातांनीं घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, वेग आपोआप उतरूं द्यावा, आणि मग हळूच डाव्या कडेस घ्यावी. गाडींतील मंडळींस कठड्याबाहेर उभें करावें. गाडींत किंवा गाडीमागें कोणास बसूं देऊं नये.

शेवटची विनंती

ज्या गृहस्थानें 1888 सालीं बेलफास्ट येथें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेचा टायर बसविला, तो जॉन बॉइड डनलॉप धंद्यानें गुरांचा डॉक्टर होता. आपल्यासारख्यांच्या जनावरांची निगा राखणाऱ्या माणसानें हें साधन कामास आणलें, त्याची निगा आपण राखूं नये हें बरें नव्हे. आमची कास्तकार बंधूंस विनंती आहे कीं, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक चांगलें मापक व एक पंप कचेरींत ठेवावा आणि ज्यास हवें त्यास तें पहाटे मिळावें. खर्च एका पोत्याच्या खताहून फारसा अधिक येणार नाहीं.

आम्हीं स्वतः आतां एक वही घातली आहे. दर पंधरवड्याच्या रविवारीं पहाटे तारीख, चार चाकें व स्टेपनी असे पांच आंकडे तींत लिहितों. कारकुनाची जुनी खोड म्हणून घरचीं माणसें प्रथम हंसलीं. परवां मात्र मागचें उजवें चाक 28 वर आढळलें, आणि धुंडाळल्यावर नक्षींत बाभळीचा कांटा सांपडला. त्या दिवशीं नातू मामाच्या गांवीं जावयाचा होता. दुकानीं चाक दुरुस्त करवून दोन तास उशिरानें गाडी निघाली.